रीसच्या आईला केलेला फोन

लेव्ही डॅनिल्यूकचा गुडघा हलायला लागला तो काही केल्या थांबेना. शेजारी बसलेल्या बापाने आपला रुंद पंजा त्यावर ठेवून पाहिला. गुडघा पंजासकट हलत राहिला, तसा बापाने हात काढून घेतला आणि समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत बसला.

खाली, एरवी जिथे बर्फ असायचा तिथे, आज काळं कापड घातलेली टेबलं मांडली होती. एकेका टेबलाभोवती एकेका व्यावसायिक आइस हॉकी संघाची माणसं, वार्षिक ड्राफ्टमध्ये नवी पोरं निवडायला आलेली. थोड्या थोड्या वेळाने एका टेबलावरची मंडळी उठायची, मंचावर चढायची, कुणीतरी माइक धरून यजमान शहराचे आभार मानायचं आणि मग एक नाव घ्यायचं. नाव घेतलं की प्रेक्षकांत कुठेतरी एक कुटुंब ताडकन उभं राहायचं. आई डोळे पुसायची, बाप पाठ थोपटायचा आणि नव्या सुटातला पोरगा पायऱ्या उतरून खाली जायचा, नवी जर्सी कोटावरूनच अंगात घालायचा.

लेव्हीचाही सूट नवा होता आणि काखेत काचत होता.

तो बचावपटू होता. सस्कॅचवानच्या सपाट मुलखातल्या वायल्डॅक या चार गल्ल्यांच्या गावचा. बाप स्टॅन धान्याच्या कोठारावर कामाला, आई लोर्ना शाळेची बस चालवायची. अंगापिंडाने थोराड, पण बर्फावर उतरला की हलका. समोरून कुणी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन सुसाट आलं की बाकीचे बचावपटू अंगावर धावून जायचे. लेव्ही मागे मागे सरकत राहायचा, समोरच्याला हवा तेवढा धावू द्यायचा, आणि त्याच्याजवळ जागाच उरली नाही की अलगद पक काढून घ्यायचा. डिसेंबरपर्यंत सगळे जाणकार एका सुरात सांगत होते, की हा पोरगा पहिल्या दहा-बारांत जाणार.

पण पहिल्या दहा-बारांत तो गेला नाही. दुसरी दहा-बारा नावंही झाली. एक दांडगा फिनिश पोरगा गेला. ओंटारिओचा एक बचावपटू गेला, ज्याला मागे सरकताना डावीकडे वळता येत नाही हे लेव्हीला ठाऊक होतं, कारण नोव्हेंबरात एका सामन्यात त्याला त्याच बाजूने चकवून त्याने दोन गोल केले होते. प्रत्येक वेळी कॅमेरा मुद्दाम वळून लेव्हीच्या तोंडावर यायचा आणि तो मोठ्या पडद्यावर स्वतःचंच तोंड बघायचा. कान लाल झालेले.

एजंट गॉर्डी व्हेलन मागच्या रांगेत होता. फोन वाजला की बाहेर जायचा, परत आला की लेव्हीच्या खांद्यावर थाप मारायचा. "गुडघ्याची चर्चा आहे म्हणे," एकदा तो म्हणाला. गेल्या वर्षी लेव्हीचा गुडघा थोडा मुरगळला होता, दोन आठवड्यांत बराही झाला होता. "घाबरायचं नाही. एक संघ पुरतो."

आईने पिशवीतून खसखशीच्या रोलचा तुकडा काढून पुढे केला. लेव्हीने नको म्हटलं. मग तिने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने हातातच धरून ठेवला. पहिली फेरी संपली, दिवे लागले, माणसं उठली तरी तो तुकडा त्याच्या हातातच होता.

"तातो, टाक ना तो," लेव्ही बापाला म्हणाला.

"टाकायचा कशाला," बाप म्हणाला आणि पूर्ण तुकडा तोंडात कोंबला.

*

गुडघ्याचं कारण लेव्हीला पटलं नव्हतं. दुसरं कारण त्याच्या मनात होतं, पण त्याला वाटत होतं की ते आपल्या बाजूचं आहे, विरुद्ध नाही.

गेली दोन वर्षं तो ग्रासी बेंडच्या ज्युनिअर संघाकडून खेळत होता. घर लांब, त्यामुळे तिथल्या डोरीन नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी राहायचा. त्याच घरात वरच्या मजल्यावर रीस काल्डर राहायचा. रीस संघाचा कप्तान आणि लेव्हीचा जोडीदार. बचावपटू जोडीने खेळतात, एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे राहायचं. रीस वीस वर्षांचा होता. ज्युनिअरचं ते त्याचं शेवटचं वर्ष. त्याची ड्राफ्टमध्ये निवड झाली नव्हती, पण त्या हिवाळ्यात एका अमेरिकन संघाचा माणूस त्याला बघायला दोनदा येऊन गेला होता. लेव्ही सोळाचा असताना घरच्या आठवणीने रडला, तेव्हा रीसने त्याला पिकअपमध्ये घालून गावाबाहेर नेलं होतं आणि बर्फात गाडी घसरली तर चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते पोटभर शिकवलं होतं. रडण्याचा विषय त्याने तेव्हाही काढला नाही आणि नंतरही नाही.

जानेवारीत कोपऱ्यात पकसाठी झटापट चालली असताना रीसचं डोकं कठड्यावर आपटलं. तो उठला, खेळला. मग पंधरवड्याच्या आतच आणखी एकदा. तेव्हाही उठला, पण जरा वेळ लावून.

त्यानंतर डोरीनच्या घरात रीसच्या खिडकीवर घोंगडी टांगलेली असायची. तो जेवताना डोळे मिटून घ्यायचा. घरातल्या म्हाताऱ्या कुत्रीला तीन वर्षं हाक मारत आला होता, तिचं नाव एक दिवस त्याला आठवेना, तेव्हा त्याने "ए बाई" म्हणून वेळ मारून नेली आणि डोरीन हसली. एकदा सरावाला जाताना हिरवा दिवा लागला तरी रीसने गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजले.

"हिरवा झालाय," लेव्ही म्हणाला.

"आपण कुठे निघालोय?" रीसने विचारलं. मग लेव्हीचं तोंड बघून हसला आणि म्हणाला, "कसला घाबरलास रे! गंमत केली."

त्याच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये बुटांचे बंद बांधता बांधता रीस त्याला हळूच म्हणाला होता, "शेवटचे काही सामने राहिलेत. तेवढे निघाले की मग मी वर्षभर झोपून काढीन. तू तोंड उघडायचं नाहीस, लेव्ही. शपथ घे."

लेव्हीने शपथ घेतली, आणि आठवडाभरात मोडली. आधी त्याने संघाच्या फिजिओला सांगितलं. फिजिओने कोचला सांगितलं. कोच मर्व्ह टॅलमनने लेव्हीला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. टॅलमन मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता. त्याने लेव्हीला बसायला सांगितलं, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली आणि मग म्हणाला की डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, आपण रीसशी स्वतः बोललो आहोत, तो ठणठणीत आहे असं तो स्वतःच म्हणतो, आणि आता हा विषय या चार भिंतींतच राहील.

त्या शुक्रवारी रीस खेळला. दुसऱ्या सत्रात खेळाडू बदलायची वेळ आली, तेव्हा तो बर्फ कापत आला आणि समोरच्या संघाच्या बाकाचं दार उघडायला लागला. त्यांची पोरं खदखदून हसली. एकाने त्याला सरकून जागाही करून दिली. आपल्या बाकावरची पोरंही हसली. रीसने हात वर करून मानवंदना दिली, जसं काही ठरवूनच केलं होतं, आणि परत आला. लेव्हीच्या शेजारी बसल्यावर त्याचे दात वाजत होते.

सकाळी लेव्हीने रीसच्या आईला फोन लावला.

इव्हॉन काल्डर त्याला एकदाच भेटली होती. तो तिला नीट काही सांगू शकला नाही. कुत्रीचं नाव, हिरवा दिवा, चुकीचा बाक, असं तुटक तुटक बोलत राहिला. शेवटी तिने एवढंच विचारलं, की आज सराव किती वाजता आहे.

सराव रंगात आला असताना ती आली. अंगावर गोठ्यातला कोट, पायात रबरी बूट. दार उघडून ती सरळ बर्फावर चालायला लागली. बर्फावर बुटांनी चालणं म्हणजे तिथे देवळात चपला घालून जाण्यासारखं, पण तिला कुणी अडवलं नाही. शिट्टी वाजली, सगळे जागच्या जागी थांबले. ती रीसपाशी गेली आणि तिने त्याची बाही धरली.

"आई, जा तू," रीस म्हणाला. "मी हात जोडतो. जा."

"चल," ती म्हणाली.

टॅलमन सरकत जवळ आला आणि म्हणाला, की मिसेस काल्डर, आपण माझ्या खोलीत बसून बोलू. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाता जाता मात्र ती लेव्हीसमोर थांबली आणि सगळ्या संघादेखत तिने त्याच्या गालाला हात लावला. "तू फोन केलास म्हणून, बाळा," ती म्हणाली. "नाहीतर मला कुणी सांगितलं असतं?"

तिने ते मनापासून म्हटलं होतं. लेव्हीला मात्र त्या क्षणी बर्फ फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं. रीसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि आईच्या मागोमाग निघून गेला.

सॅस्कटूनच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पुन्हा खेळायचं नाव काढायचं नाही. आणखी एक दणका बसला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं.

वर्तमानपत्रात टॅलमनने लेव्हीचं कौतुक केलं. पोरगा धीराचा आहे, म्हणाला. ड्रेसिंग रूममध्ये मात्र लेव्ही आला की बोलणं थांबायचं. कुणी पाय घसरून पडलं, कुणाचा गुडघा सोलवटला, की कोपऱ्यातून हमखास आवाज यायचा, "लेव्ही, याच्या आईला फोन लाव रे." आणि सगळे हसायचे. पहिले काही दिवस तोही हसला. कप्तानाविना संघ बाद फेरीत पहिल्याच झटक्यात गारद झाला, त्यानंतर ते हसणंही थांबलं.

*

ड्राफ्टच्या आधी संघ पोरांना बोलावून प्रश्न विचारतात. एजंट व्हेलनने लेव्हीकडून घोकून घेतलं होतं: रीसचा विषय निघाला तर म्हणायचं, की मी ते डॉक्टरांवर सोपवलं असतं. विषय जवळजवळ प्रत्येक खोलीत निघाला. एका खोलीत जाड चष्म्याच्या एका माणसाने विचारलं, "आमच्याकडे असं काही झालं, तर करशील पुन्हा फोन?"

लेव्हीला घोकलेलं वाक्य आठवत होतं. पण तोंडातून दुसरंच आलं. "करीन. फक्त इतके दिवस थांबणार नाही."

चष्मेवाला हसला, उठून हात मिळवला, आभार मानले. लेव्ही बाहेर पडला तो, बरं झालं, आपण खरं बोललो, या समाधानात.

*

शनिवारी उरलेल्या फेऱ्या होत्या. कालच्यासारखा झगमगाट नव्हता. नावं भराभरा, टेबलावरूनच पुकारली जात होती. दुसरी फेरी गेली. तिसरीही गेली. पोरांची कुटुंबं एकेक करून उठून जात होती, खुर्च्या ओस पडत होत्या. लेव्हीच्या आईने बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. एजंट आता फोन वाजला तरी उठत नव्हता.

चौथी फेरी अर्ध्यावर आली तेव्हा लेव्हीला बसवेना. पाणी पिऊन येतो, असं सांगून तो उठला. पाणी पिऊन झालं, तरी त्याला परत जाववेना. प्रेक्षागाराच्या मागच्या बाजूने जो गोल बोळ जातो, त्यातून तो चालत सुटला. एक फेरी झाली, दुसरी झाली. पॉपकॉर्नच्या गाडीवरची मुलगी तो प्रत्येक वेळी समोरून गेला की बघायची. नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. तरी तो चालत राहिला.

मालाच्या दारापाशी त्याला हॅल्व्हर्सन भेटला. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून सँडविच खात होता. म्हातारा एका संघासाठी पोरं हेरण्याचं काम करायचा. वायल्डॅकच्या पत्र्याच्या रिंकमध्ये चौदा वर्षांच्या लेव्हीला पहिल्यांदा बघायला आलेला बाहेरचा माणूस तोच. तेव्हा हिटर बंद होता आणि लोर्नाने त्याला आपली शाल दिली होती.

"बस," हॅल्व्हर्सन म्हणाला.

"बसवत नाही."

"मग उभा राहा."

लेव्ही उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तरी सांगा. माझा गुडघा चांगला आहे. हवं तर आत्ता इथे बसून दाखवतो, उठून दाखवतो. काय झालंय?"

हॅल्व्हर्सनने सँडविच कागदात गुंडाळलं. "बरं ऐकायचंय, की खरं?"

"खरं."

"सगळे संघ तुझ्या कोचला फोन करतात. रिवाजच आहे. आम्हीही केला. तो म्हणाला, खेळाडू म्हणून पोरगा एक नंबर आहे. हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी. एवढं बोलून तो गप्प झाला. आम्ही विचारलं, मग अडचण काय? तर म्हणाला, माझ्या हातात असतं तर मी त्याला माझ्या ड्रेसिंग रूममध्ये परत घेतलं नसतं."

लेव्हीला आधी कळलंच नाही. "त्याने पेपरात तर..."

"पेपरात सगळेच चांगलं बोलतात."

"रीस मेला असता," लेव्ही म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "डॉक्टरच म्हणाले तसं."

"म्हणाले असतील. इथे कुणीही तू चुकलास असं म्हणत नाहीये, पोरा. उलट प्रत्येक टेबलावर एक जण तरी म्हणाला असेल, की माझ्या मुलाचा जोडीदार असा असावा. पण प्रत्येक टेबलावर दुखणं लपवून खेळणारी चार पोरंही असतात. त्यांच्या जिवावर संघ चालतो. त्यांच्या शेजारी तुला बसवायचं म्हटलं, की सगळे विचारात पडतात."

"आणि तुम्ही?"

म्हाताऱ्याने गुंडाळलेलं सँडविच खिशात घातलं. मग म्हणाला, "मी तिसऱ्या फेरीत तुझं नाव काढलं. तिघांनी खाली बघितलं. मी पुन्हा नाही काढलं."

लेव्हीला वाटलं होतं की कारण कळलं की जीव थाऱ्यावर येईल. तसं काही झालं नाही. उलट आता कुणावर चिडायचं तेच कळेना. टॅलमनवर, या म्हाताऱ्यावर, की स्वतःवर. तो पुन्हा चालायला लागला. हॅल्व्हर्सनही उठून त्याच्याबरोबर चालू लागला, धापा टाकत. पॉपकॉर्नच्या गाडीपाशी पोचले तेव्हा वरच्या भोंग्यातून घोगरा आवाज आला. कुठल्या तरी संघाचं नाव, मग सहावी फेरी, मग "ग्रासी बेंडचा बचावपटू, लेव्ही डॅनिल्यूक."

आडनाव चुकीचं उच्चारलं होतं.

"पळ," हॅल्व्हर्सन म्हणाला.

तो आत धावला तेव्हा मोठ्या पडद्यावर त्याचा बाप होता. नाव ऐकून स्टॅन डॅनिल्यूक उभा राहिला होता, आणि मुलगा जागेवर नाही म्हटल्यावर आता पुढे काय करायचं ते न कळून तसाच उभा होता, दोन्ही हात अंगाला चिकटवून, सैनिकासारखा. उरल्यासुरल्या लोकांना वाटलं हीच काहीतरी मौज आहे, म्हणून ते टाळ्या वाजवत होते. लेव्ही पायऱ्यांवरून धापा टाकत आला, तसा बाप त्याच्या कानात म्हणाला, "होतास कुठे? मला वाटलं आता मलाच खेळावं लागतंय."

लेव्हीला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

खाली टेबलावर त्याला जर्सी दिली ती बाई संघाच्या निवड विभागाची प्रमुख होती. तिने गोड बोलायचे कष्ट घेतले नाहीत. "आम्हाला बचावपटू नको होता," ती म्हणाली. "पण सहाव्या फेरीत तू शिल्लक आहेस म्हटल्यावर मी म्हटलं, एवढा धोका परवडतो. बाकी सप्टेंबरात बघू."

*

सामान आणायच्या निमित्ताने लेव्ही जुलैत ग्रासी बेंडला गेला आणि टॅलमनच्या घरी जाऊन दारातच उभा राहिला. टॅलमन अंगणातलं गवत कापत होता. त्याने यंत्र बंद केलं. लेव्हीने सरळ विचारलं, की तुम्ही असं म्हणालात हे खरं का. टॅलमनने नाकारलं नाही. तो म्हणाला, मला विचारलं, मी मनात होतं ते सांगितलं. तू त्या पोराचं भलं केलंस आणि माझ्या संघाचा विश्वास मोडलास. दोन्ही गोष्टी एकाच फोनने झाल्या, त्याला मी काय करू?

"तुम्ही त्याला खेळवायला नको होतं," लेव्ही म्हणाला.

टॅलमनने कापलेल्या गवताकडे पाहिलं. "नको होतं," तो म्हणाला. मग, त्याचा आणि याचा काही संबंध नसल्यासारखं, त्याने सांगितलं की लेव्हीला दुसऱ्या संघाकडे धाडायची बोलणी चालू आहेत.

त्याला निवडलेल्या संघाच्या सप्टेंबरच्या शिबिरात लेव्ही बरा खेळला, पण पुरेसा नाही. त्याला ज्युनिअरला परत पाठवलं. नवा संघ उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावात होता, आणि पहिल्याच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये कोपऱ्यातून आवाज आला, "सांभाळून रे, आयांचे नंबर लपवा." म्हणजे ते फोनचं प्रकरण त्याच्या आधी येऊन पोचलं होतं. लेव्ही बुटांचे बंद बांधत राहिला. तिथे तो आधीपेक्षा आडदांड खेळला, नको तिथे अंगावर गेला, नको त्या भांडणात पडला. जणू कुणाला काही दाखवायचं होतं. नवा कोच म्हणायचा, अरे तुझा तो शांतपणा कुठे गेला, आम्ही त्यासाठी तुला घेतलं. रस्त्यावरच्या लांबच लांब बसप्रवासात सगळे झोपलेले असायचे आणि लेव्ही काचेला डोकं टेकून जागा असायचा.

नाताळच्या सुटीत घरी जाताना वाट वाकडी करून तो काल्डरांच्या शेतावर गेला. कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर रीसने नको म्हटलं असतं.

इव्हॉनने त्याला बळेच टेबलाशी बसवून मांसाचं कालवण आणि पाव वाढला. रीस आतून आला. वजन वाढलं होतं, डोळ्यांवर घरातही काळा चष्मा होता. तो समोर बसला. आई काहीतरी बोलायला गेली तसं म्हणाला, "आई, जरा जा ना बाहेर." ती गेली.

"सहावी फेरी," रीस म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं सातवी."

लेव्हीने पावाचा तुकडा मोडला. येताना रस्ताभर जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच त्याला आठवेना. तो म्हणाला, "रीस, मी..."

"माफी मागू नकोस. मागितलीस तर हे कालवण तुझ्या डोक्यावर ओतीन." रीसने चष्मा काढून डोळे चोळले. "डॉक्टर म्हणतात तू मला वाचवलंस. आई म्हणते. पाद्री म्हणतो. गावातलं कुत्रंसुद्धा म्हणत असेल. असेलही खरं. पण मी रोज उठतो आणि मनात येतं, कदाचित निघालेही असते ते सामने. कदाचित काही झालं नसतं. तो 'कदाचित' माझा होता, लेव्ही. तो तू घेतलास."

"हो," लेव्ही म्हणाला.

"पुन्हा करशील?"

"करीन."

रीसने चष्मा पुन्हा चढवला. "हलकट," तो म्हणाला, पण त्यात राग कमी होता. "आणि पुढच्या वेळी फोन करायचाच असेल तर मला कर. आईला नको. ती अजून सगळ्यांना ती बर्फावर चाललेली गोष्ट सांगत असते."

मग तो उठला, हाताने टेबलाचा आधार घेत, आणि शेगडीवरून आणखी कालवण आणून त्याने लेव्हीच्या ताटलीत वाढलं. बसता बसता सहज म्हणाला, की अंगावर जायचं थांबव. लेव्हीने विचारलं, तुला कसं माहीत? रीस म्हणाला, तुझे सामने बघतो, आवाज बंद करून, एका वेळी दहा मिनिटं, त्याच्यापुढे डोकं ठणकायला लागतं. दहा मिनिटांत जेवढं दिसतं तेवढं दिसतं. "तू कुणाला काय दाखवतोयस? मागे सर. येऊ दे त्यांना. तुझ्याकडे तेवढंच आहे, तेही घालवशील."

लेव्ही निघाला तेव्हा बाहेर चांगलंच गार होतं. इव्हॉन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने विचारलं, बोलला का तो? लेव्ही म्हणाला, बोलला.

रीसचं डोकं पुढच्या वसंतात थोडं हलकं झालं. ऊन कमी असलेल्या दिवशी तो धान्याचा ट्रक चालवू लागला, पण पुस्तकाचं पान अजून त्याला एका दमात वाचता येत नव्हतं. लेव्हीला निवडणाऱ्या संघाने पहिल्या वर्षी त्याच्याशी करार केला नाही. दुसऱ्या वर्षी, कराराची मुदत संपत आली असताना, त्या बाईने फोन केला आणि दोनच वाक्यांत सांगितलं, की करार करतोय, सप्टेंबरात शिबिराला ये. लेव्ही तेव्हा बापाबरोबर कोठारावर होता. फोन ठेवल्यावर बापाने विचारलं, काय म्हणाली? लेव्हीने सांगितलं. बापाने मान हलवली, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दोघं खाली ट्रक रिकामा करायला गेले, कारण मागे आणखी तीन ट्रक रांगेत उभे होते.